घाणीतली माशी आजारी का पडत नाही?

फणस-आंब्याचे दिवस संपत आले आणि मृगाचा पाऊस पडू लागला की आपल्या कोलाड-रोह्याकडे दोन पाहुणे न बोलावता येतात. दिवसा माशी आणि रात्री डास. त्यांच्या पाठोपाठ दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे आणि थंडी-तापाचे रुग्ण येऊ लागतात. अशा वेळी एखादे चौकस आजोबा हमखास विचारतात, "डॉक्टर, ही माशी उकिरड्यावर बसते, शेणात अंडी घालते, सडक्या मासळीवर जगते. तिचे पाय आमच्या भाताला लागले तर आम्हाला जुलाब होतात. मग तिला स्वतःला काहीच कसे होत नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात दोन नोबेल पारितोषिकांची कहाणी आहे. शिवाय आपल्या स्वतःच्या शरीराबद्दल आज डॉक्टरांना जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग माशी, पतंग आणि डास यांच्याकडूनच शिकलेला आहे. म्हणून या आठवड्यात माणसाच्या नव्हे, तर कीटकाच्या आरोग्याबद्दल थोडे बोलू. शेवटी वळून आपल्याच घरात यायचे आहे.

दोन प्रकारची प्रतिकारशक्ती

माणसाच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या दोन फौजा असतात. पहिली जन्मजात. ती शत्रूचे नाव-गाव विचारत नाही. परका दिसला की तुटून पडते आणि काही मिनिटांत, फार तर काही तासांत कामाला लागते. दुसरी कमावलेली. ती प्रत्येक जंतूची ओळख पटवून त्याच्या मापाची प्रतिपिंडे तयार करते. पहिल्या वेळी तिला तयारीला आठवडाभर किंवा जास्त लागतो, पण एकदा ओळखलेला शत्रू ती बहुधा विसरत नाही. लसीकरणाचा सारा पाया या दुसऱ्या फौजेच्या स्मरणशक्तीवर आहे.

कीटकांकडे ही दुसरी फौज नाहीच. त्यांच्या अंगात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तरीही कीटक या पृथ्वीवर सुमारे चाळीस कोटी वर्षे टिकून आहेत आणि शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदवलेल्या त्यांच्या जातीच दहा लाखांच्या आसपास आहेत. केवळ जन्मजात प्रतिकारशक्तीच्या बळावर एवढा संसार चालतो, तर ती शक्ती किरकोळ नसणार हे उघड आहे.

तटबंदी आणि दरवाजे

आपण रायगड जिल्ह्यातले लोक. किल्ला म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. शत्रूला आधी तट लागतो, मग दरवाजा, मग आतले पहारेकरी. कीटकाचे शरीर असेच रचलेले आहे.

तट म्हणजे त्याच्या अंगावरचे कवच. कायटीन नावाच्या चिवट द्रव्याचे हे कवच असते आणि त्यावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी आणि बहुतेक जंतू बाहेरच अडतात. श्वासाच्या नळ्या आणि आतड्याचा पुढचा व मागचा भागही आतून अशाच अस्तराने मढवलेला असतो. आतड्याच्या मधल्या भागात अन्नाभोवती एक पातळ जाळीदार पडदा तयार होतो. माशीने घाण खाल्ली तरी तिच्यातले जंतू या पडद्याआड राहतात आणि तिथल्या पाचकरसांत व जंतुनाशक रसायनांत बरेचसे मरतात. माशीच्या अळ्यांचे तर जिवाणू हेच खाद्य आहे.

हा तट फोडणारेही आहेत. नारळाच्या बागा असलेल्यांना गेंड्या भुंगा ठाऊक आहे. माडाचा कोंब पोखरणारा हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो. त्याचा बंदोबस्त करायला खड्ड्यात मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी टाकतात. बुरशीचा बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि कवच विरघळवणारे रस सोडत आत घुसतो. काही दिवसांत अळी मरते आणि तिच्या अंगावर हिरवी बुरशी उगवलेली दिसते. म्हणजे कीटकही आजारी पडतात आणि मरतातही. उलट, सूक्ष्म जंतूमुळे रोग होतो हे प्रथम सिद्ध झाले ते किड्यावरच. १८३५ साली इटलीच्या आगोस्तिनो बासी यांनी रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे दाखवून दिले. पाश्चर आणि कॉख यांचा काळ त्यानंतरचा.

आतले पहारेकरी

तट फुटला तर आतले पहारेकरी धावतात. कीटकाचे रक्त लाल नसते. ते प्राणवायू वाहून नेण्याचे काम जवळजवळ करत नाही. पण त्यात फिरत्या पेशी असतात आणि त्या जंतूंना गिळून टाकतात. जंतू मोठा असेल तर अनेक पेशी मिळून त्याला घेराव घालतात.

पेशी जंतूंना खातात ही गोष्ट इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ओळखली. १८८२ साली इटलीत मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. काही तासांनी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात. गळवात साठणारा पू म्हणजे बऱ्याच अंशी लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच.

या मेचनिकॉव्ह यांचा आपल्या मुंबईशी धागा आहे. ओडेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे १८९३ साली हिंदुस्थानात आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. गुरूने जन्मजात प्रतिकारशक्ती उलगडली, शिष्याने कमावलेली प्रतिकारशक्ती लोकांच्या दंडावर टोचली. आरोग्याला दोन्ही लागतात.

कोळंबी काळी का पडते?

कीटकांचे आणखी एक शस्त्र आहे आणि ते आपल्या प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. बाजारातून आणलेली कोळंबी बर्फाशिवाय राहिली की तिचे डोके आणि सांधे काळे पडू लागतात. कोळंबी, खेकडा आणि कीटक हे सारे सांधेदार पायांच्या एकाच मोठ्या कुळातले. त्यांच्या अंगात एक द्रव्य असते. जखम झाली किंवा जंतू शिरला की ते जागे होते आणि त्या जागी मेलॅनिन नावाचा काळा रंग तयार होतो. जिवंत असताना हा काळा थर जखम बुजवतो आणि जंतूभोवती डांबरासारखा बसून त्याला कोंडून मारतो. कोळंबी मेल्यावरही ते द्रव्य काही काळ काम करत राहते, म्हणून ती काळी पडते.

डासही हेच करतो. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीवर मलेरियाच्या परजीवीच्या गाठी पाहिल्या. तो दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळतात. पुढच्या संशोधनात त्यांना काही डासांत काळे कणही दिसले आणि ते 'रॉसचे काळे बीजाणू' म्हणून ओळखले गेले. डासाने मेलॅनिनच्या थरात गाडून टाकलेले परजीवी, असा त्यांचा अर्थ नंतर लावण्यात आला. १९८६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ॲनोफिलीस डासाचा असा वाण निवडून वाढवला, की जो मलेरियाच्या परजीवींना असेच काळ्या थरात गाडून मारतो. त्या डासांकडून मलेरिया पसरू शकत नव्हता.

अंगातली औषधे आणि धोक्याची घंटा

पेशी आणि काळा थर यांखेरीज कीटक स्वतःची जंतुनाशके बनवतात. स्वीडनचे हान्स बोमन यांनी सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या कोशांत जिवाणू टोचले आणि त्यांच्या रक्तात तयार झालेले जंतुनाशक द्रव्य १९८१ साली वेगळे करून दाखवले. त्याला सिक्रोपिन म्हणतात. आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्याकडे टसर रेशीम देणारा पतंग याच कुळातला. सिक्रोपिनसारखे छोटे रेणू जिवाणूच्या आवरणाला भोके पाडतात. असे पदार्थ आपल्या त्वचेत, आतड्यात आणि पांढऱ्या पेशींतही असतात, हे पुढे कळले.

पण जंतू आला हे शरीराला कळते कसे? याचे उत्तर फळमाशीने दिले. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारीक माशी. तिच्या अंगात 'टोल' नावाचे एक जनुक असते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे जूल्स हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले, की हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाशी लढू शकत नाहीत आणि काही दिवसांत मरतात. बुरशीने पांढरी झालेली ती मेलेली माशी शास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. टोल म्हणजे जणू धोक्याची घंटा. ती वाजली नाही तर अंगातली औषधे तयारच होत नाहीत.

दोनच वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात टोलच्याच जातीची घंटा शोधली. तशाच घंटा माणसातही आहेत. आतापर्यंत त्यांचे दहा प्रकार माहीत आहेत. त्यांतली एक जिवाणूच्या आवरणातले विष ओळखते. रक्तात जंतू पसरून रुग्ण अत्यवस्थ होतो, रक्तदाब कोसळतो, त्यामागे हीच घंटा अति जोराने वाजणे हे एक मोठे कारण आहे. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले. त्यांच्यासोबत राल्फ स्टाइनमन यांनाही मिळाले, पण घोषणेच्या तीनच दिवस आधी त्यांचे निधन झाले होते. पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या याच जन्मजात प्रतिकारशक्तीवर संशोधन केले आहे. आपल्या घरातल्या केळ्यांवरची माशी शास्त्रज्ञांना अशी उपयोगी पडते.

आजोबांच्या घरमाशीचे उत्तरही यात आहे. २०१४ साली घरमाशीची सारी जनुके वाचण्यात आली, तेव्हा फळमाशीच्या तुलनेत तिच्याकडे रोगप्रतिकाराच्या जनुकांचा साठा मोठा असल्याचे आढळले. उकिरड्यावर संसार करायचा तर तेवढी शिबंदी पदरी हवीच. माशी निरोगी राहते, पण तिच्या पायांवरचे, अंगावरच्या केसांतले आणि पोटातले जंतू जिवंत असतात. ते आपल्या ताटात उतरतात. आपले आतडे माशीचे नाही, म्हणून आपल्याला जुलाब होतात.

डासाच्या पोटातली लढाई

आता डासाकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. आपल्या भागात ओढे, झरे, कालवे, भातखाचरे यांना तोटा नाही. संथ वाहत्या स्वच्छ पाण्यात ॲनोफिलीस फ्लुविएटिलिस, खाचरांत आणि पाण्याच्या डबक्यांत क्युलिसिफेसिस, तर विहिरी आणि घरावरच्या टाक्यांत स्टीफेन्सी हे मलेरियाचे डास वाढतात.

मलेरियाच्या रुग्णाला मादी डास चावली की रक्ताबरोबर शेकडो-हजारो परजीवी तिच्या पोटात जातात. पण त्यांतले अगदी थोडे पुढे टिकतात. पहिल्या दिवसभरात ते पोटाच्या भिंतीतून पलीकडे जाऊ लागतात, तेव्हा डासाच्या रक्तातले टीईपी-१ नावाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि मारायला सुरुवात करते. या प्रथिनाचे माणसाच्या रक्तातल्या एका संरक्षक प्रथिनाशी साम्य आहे. शेवटी निसर्गातल्या डासात बहुधा दोन-चार गाठीच उरतात. दुर्दैव असे, की एकेका गाठीतून हजारो नवे परजीवी बाहेर पडतात आणि डासाच्या लाळेत पोचतात. या सगळ्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डास त्याआधी मेला तर मलेरिया पुढे जात नाही. म्हणून डासाचे आयुष्य दोन दिवसांनी कमी झाले तरी गावाचा फायदा होतो.

परजीवीही कमी नाही. फाल्सिपेरम मलेरियाचे काही प्रकार अंगावरच्या एका प्रथिनामुळे डासाच्या पहाऱ्याला चुकवतात, असे २०१३ साली दिसून आले. आणखी एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डासाच्या आतड्यात राहणारे साधे जिवाणू त्याची प्रतिकारशक्ती जागी ठेवतात. प्रयोगात डासांना प्रतिजैविके असलेले माणसाचे रक्त पाजले, तेव्हा ते जिवाणू कमी झाले, डास जास्त जगले आणि त्यांना मलेरियाची लागणही अधिक झाली. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. साध्या सर्दी-तापाला आपण उगाच घेतलेल्या गोळ्यांचे परिणाम किती दूर जाऊ शकतात, याचा हा नमुना.

डेंग्यूच्या एडिस डासाची तऱ्हा वेगळी. विषाणू त्याच्या अंगात वाढतो. डास त्याला आटोक्यात ठेवतो, पण नाहीसा करत नाही. परिणामी डास स्वतः धडधाकट राहतो आणि मरेपर्यंत विषाणू वाटत फिरतो. यावर एक नवा उपाय पुढे येत आहे. वोलबाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांत नैसर्गिकरीत्या राहतो, एडिस इजिप्ती डासात मात्र सहसा नसतो. तो या डासात वसवला की डेंग्यूच्या विषाणूला डासात नीट वाढता येत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पुदुच्चेरीच्या रोगवाहक संशोधन केंद्रानेही २०२२ साली असे डास तयार केल्याचे जाहीर केले. पण ते आपल्या दारात येण्याची वाट पाहत पाण्याचे पिंप उघडे ठेवून चालणार नाही.

यातून आपण काय शिकायचे?

आपलीही पहिली फौज कीटकासारखीच आहे: कातडी, पोटातले आम्ल, गिळणाऱ्या पेशी, अंगातली जंतुनाशके आणि धोक्याची घंटा. ही फौज कमजोर झाली तर काय होते, ते महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले, कित्येकांचे प्राण गेले. त्यांतले बहुसंख्य रुग्ण मधुमेही होते किंवा त्यांना स्टिरॉइडची औषधे दिलेली होती. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड या दोन्हींमुळे गिळणाऱ्या पेशी लुळ्या पडतात आणि एरवी हवेत असूनही काही न करणारी बुरशी आत शिरते. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' पावडरींवर महिन्याला शेकडो रुपये घालवण्याऐवजी पुढील गोष्टी करा.

१. साखर तपासा आणि ताब्यात ठेवा. मधुमेही माणसाने चिखलणी-लावणीच्या दिवसांत रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत जखम नाही ना हे पाहावे. कातडी हा आपला तट आहे. जखम झाल्यास हळद-चुना न भरता स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावे.

२. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दुखण्यावर झटपट उतारा म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये काय आहे, हे विचारल्याशिवाय त्या तोंडात टाकू नयेत. जे पूर्वीपासून स्टिरॉइड घेत आहेत त्यांनी मात्र ते एकदम बंद करू नयेत.

३. प्रत्येक तापाला प्रतिजैविक लागत नाही. विषाणूजन्य तापावर त्याचा काही उपयोग नाही. ताप हा शरीराच्या लढाईचाच एक भाग आहे. तो मोजा, पाणी-पेज भरपूर द्या आणि पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्या. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका.

४. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की रक्त तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण चौदा दिवस घ्याव्या लागतात. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना त्या देत नाहीत. तीन दिवसांत ताप उतरला म्हणून अनेक जण गोळ्या अर्ध्यावर सोडतात. यकृतात दडलेला परजीवी मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो आणि तो रुग्ण पुन्हा शेजाऱ्या-पाजाऱ्यांच्या डासांना परजीवी पुरवू लागतो.

५. आठवड्यातून एक दिवस पिंप, हौद, टाक्या रिकाम्या करून घासून कोरड्या करा. टायर, करवंट्या, पत्र्याचे डबे यांत पाणी साचू देऊ नका. डासाच्या अळीपासून डास व्हायला सुमारे आठवडाभर लागतो, म्हणून हा दिवस चुकवायचा नाही. रात्री मच्छरदाणी वापरा; लहान मुले आणि गरोदर बायका यांना तर तिच्याशिवाय झोपू देऊ नका. एडिस दिवसा चावतो हे विसरू नका.

६. शिजवलेले अन्न झाका. फणसाचे चारखंड, आंब्याच्या कोयी, मासळीची घाण दाराशी न टाकता खड्ड्यात पुरा. माशीला तिच्या घाणीत काही होत नाही. ती घाण तिने आपल्या ताटापर्यंत आणू नये, एवढेच आपल्याला पाहायचे आहे. जुलाब झाल्यास पहिल्या तासापासून मीठ-साखरेचे पाणी सुरू करा, आणि मूल सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

७. मुलांच्या लसी वेळेवर पूर्ण करा. कीटकाला लस टोचून घेता येत नाही. आपल्याकडे ती सोय आहे आणि सरकारी केंद्रात ती फुकट आहे. घरातल्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. एखादा रकाना रिकामा असेल तर लसीकरणाच्या पुढच्याच दिवशी बाळाला घेऊन जा.